उजवी बाजू वर

किर्यू,
६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आकागी डोंगरावरून कोरडं वारं सुटलंय. ओठ फुटलेत, केसांचा झाडू झालाय, लोणच्यासाठी टांगलेले मुळे दोन दिवसांतच सुरकुतले. तिकडे हाकोदातेत एव्हाना बर्फ पडला असेल. तुझी ती राखाडी लोकरीची कानटोपी अजून आहे, की तीपण एखाद्या जहाजाच्या इंजिनात गेली?

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. म्हणजे, नव्याने कुणी नाही.

मी बरी आहे. कारखाना चालू आहे. फुकासावाबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मागावर बसतात आणि दिवसभर माझ्यावर खेकसतात, म्हणजे त्याही बऱ्या आहेत. आई गेली तेव्हा तू पाठवलेला सुक्या माकुलांचा खोका मी अजून फोडलेला नाही. लोकांनी फुलं पाठवली, माझ्या भावाने माकूल. बर्फामुळे गाड्या बंद आहेत, असं तू फोनवर म्हणालास. त्या दिवशी गाड्या चालू होत्या, दादा. मी पाहिलं होतं. जाऊ दे, भांडायला कागद घेतलेला नाही.

आईच्या अस्थी अजून घरातच आहेत. एकोणपन्नासाव्या दिवशी त्या बाबांशेजारी थडग्यात ठेवायच्या होत्या. मी आधी पावसाचं कारण सांगितलं, मग उन्हाळ्यात ओबोनला पितर घरी येतील तेव्हा बघू म्हटलं, मग कामाचं. परवा मठातल्या बुवांनी फोनवर सरळच विचारलं, "कानाएबाई, तुम्ही आईला घरी ठेवूनच घेणार आहात का?" म्हटलं, नाही हो, चोवीस तारीख धरा, सकाळी अकरा. तू यायलाच हवं असं काही नाही. नाही, चुकीचं लिहिलं. तू यायलाच हवं.

आता खोक्याबद्दल. आत एक बंडी आहे, तुझ्या मापाची. माप नऊ वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा पोट सुटलं असेल तर बंद जरा सैल बांध.

मी काय काम करते, हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. रेशमात चांदीचा दोरा घालून मी बंड्या विणते, जोडीने. एक एकाला, दुसरी दुसऱ्याला. एकट्याने घातली तर ती नुसती बंडी. जोडीची बंडी घातलेलं माणूस दोन हातांवर आलं की दोन्ही कोमट होतात. छातीला छाती लागली की चांगल्या गरम होतात, आणि समोरच्याच्या काळजाचे ठोके आपल्या बरगड्यांवर हलके हलके वाजायला लागतात. मोबाइलवरून मिठी पाठवणारे कपडे पुष्कळांनी केलेत. मला ते नको होतं. माझ्या बंडीला माणूस उठून जवळ यावंच लागतं. आत नखाएवढी चकती शिवलेली असते. दोघं किती वेळ जवळ होते, कुणाचे ठोके कसे पडले, सगळं ती लिहून ठेवते.

हे मला सुचलं कुठून, ते तुला सांगायला नको. किर्यू स्टेशन, दोन नंबरचा फलाट. बाबांचे एकोणपन्नास दिवस आटोपून तू निघाला होतास. गाडी लागली आणि तू दोन्ही हात पुढे करून आईकडे गेलास. आपल्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. आई एक पाऊल मागे सरली, कमरेतून वाकली आणि म्हणाली, "जपून जा." तुझे हात तसेच हवेत राहिले. मी बाजूला डब्याचं गाठोडं धरून उभी होते, ते मला तुझ्या हातात द्यायचंही सुचलं नाही. तो डबा मीच घरी येऊन खाल्ला. तू परत आला नाहीस.

आणि ही कोण बाई? तर जन्मभर नवऱ्यामुलींना किमोनो नेसवणारी. रोज परक्या पोरींच्या कमरेला मिठी घालून पट्टे आवळायची. बाबांनासुद्धा शेवटचं तिनेच नेसवलं, मयताची तयारी करणाऱ्यांना हात लावू दिला नाही. आपल्याला मात्र ताप आला तर कपाळावर ओलं फडकं ठेवायची, हात नाही.

तर तोक्योतल्या एका मोठ्या दुकानाला बंड्या आवडल्या, पण त्यांना खऱ्या माणसांवरची चाचणी हवी होती. एकमेकांना सहसा न शिवणारी माणसं हवीत, म्हणाले. ती शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

सोळा जानेवारीला सुरुवात केली. रोज दुपारी चार वाजता, मागच्या ओसरीवर, उन्हात. पहिल्या दिवशी दोन सेकंद. बंडी गरम झाली आणि आई चटका बसल्यासारखी मागे सरली. "बास बास. झालं ना तुझं काम?" मग बंद सोडता सोडता म्हणाली, "आणि हे लोक पैसे देऊन विकत घेणार?" दुसऱ्या दिवशी तीन सेकंद. तिसऱ्या दिवशी तीनच. मग एकदा अकरा. नंतर नंतर मी चारला पोचायचे, तर ती आधीच बंडी घालून, बंद बांधून बसलेली असायची. वर मलाच म्हणायची, "उशीर केलास." बारा फेब्रुवारीला चार मिनिटं. दादा, चार मिनिटं माझी आई माझ्या छातीला छाती लावून उभी होती. तिचे ठोके मला पाठ झाले होते. तीन पडायचे, मग एक चुकायचा, मग पुन्हा तीन.

आता एक चूक सांगते. दोन माणसं समोरासमोर आली की चांदीच्या तारेसमोर तार यायला हवी, म्हणून जोडीतली दुसरी बंडी म्हणजे पहिलीचं आरशातलं रूप. संगणकावर एक कळ दाबली की नमुना उलटतो. पहिलीची डावी बाजू वर येते, आपण सगळे नेसतो तशी. दुसरीची उजवी. तू म्हणशील, कानाए, तू किर्यूत वाढलेली, आई नेसवणारी, आणि तुला दिसलं नाही? उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पण मी महिनोन् महिने पडद्यावर नुसत्या तारा बघत होते, दुसरं काही दिसतच नव्हतं.

दिसलं फुकासावाबाईंना. त्यांनी बंडी उचलली, उलगडली आणि गरम तव्यासारखी खाली टाकली. "ए शहाणे, ही कुणाच्या मयतासाठी विणलीस?"

"अहो बंडी आहे, किमोनो नाही," मी म्हटलं. "बायकांच्या शर्टाची बटणं बघा, उजवीच बाजू वर असते."

"शर्टात कुणी मढं गुंडाळत नाही. उसव आणि परत विण."

पण तोवर आईने ती आठवडाभर घातली होती, आणि चाचणी अर्धवट सोडता येत नव्हती.

एकवीस फेब्रुवारीला तोक्योहून फोन आला आणि लांबला. मी चारच्या ऐवजी पाचला पोचले. आई ओसरीवर खुर्चीत बसलेली, बंडी घातलेली, बंद बांधलेले, हात मांडीवर. ऊन उतरून गेलं होतं. मी आधी म्हटलं, "अगं, आत तरी जाऊन बसायचंस." पुढचं तुला फोनवर सांगितलंच आहे. डॉक्टर म्हणाले, काळीज आधीपासूनच कमजोर होतं, कुणाचा दोष नाही.

एक सांगितलं नव्हतं. मयताची तयारी करणारा माणूस आला. साठीचा, फार अदबीचा. त्याने चादर बाजूला केली, आईकडे बघितलं आणि मला हळू आवाजात म्हणाला, "अरे, तुम्ही आधीच नेसवून ठेवलंत?"

मी चादर पुन्हा तिच्या गळ्यापर्यंत ओढली.

बंडीत तारा आणि बॅटरी, म्हणून ती आईबरोबर आगीत जाऊ शकत नव्हती. काढायला गेलो तर गाठ सुटेना. आईची ती गाठ आठवते ना, आपल्या डब्याच्या फडक्याला मारायची ती? दोनदा फिरवून टोक आत खोचलेली. तुला ती जन्मात जमली नाही आणि मलाही नाही. शाळेत आपण डबा तिरका करून भात ओढून काढायचो. त्या माणसाने शेवटी कात्रीने बंद कापला. बॅटरी मी माझ्या हाताने काढली आणि स्वयंपाकघरातल्या खणात टाकली. बंडी घडी करून देव्हाऱ्याखाली, अस्थींच्या मडक्याजवळ ठेवली.

अकरा एप्रिलला, म्हणजे एकोणपन्नास दिवस संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी माझी बंडी घालून ओसरीवर बसले. गार वाटत होतं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच. स्टेशनाजवळच्या देवळाची चारची घंटा झाली. बंडी कोमट झाली. मग गरम झाली. आणि बरगड्यांवर तीन ठोके पडले, एक चुकला.

मी किंचाळले वगैरे नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि खण उघडून बघितला. बॅटरी तिथेच होती.

मग मी जे करायचं ते सगळं केलं. चकती बदलली. नवी बॅटरी घातली. माझी बंडी फुकासावाबाईंना घालून बघितली, त्यांच्या अंगावर ढिम्म. नवीन सूत घेऊन अख्खी बंडी पुन्हा विणली. चकतीत रोज तेच लिहिलेलं, चार वाजता, "जोडी सापडली." आधी घरी. मग मी कारखान्यात असले तरी. जूनमध्ये तोक्योला गेले होते, तिथे दुकानाच्या जिन्यात सुद्धा. दुकानाला मी बंड्या दिल्या नाहीत, तयार नाहीत म्हणून सांगितलं. ते वैतागलेत. वैतागू देत.

पण दादा, कधीच तीन सेकंदांच्या वर नाही. येते आणि मागे सरते. ते मागे सरणं मी ओळखते, मी फलाटावर बघितलंय.

मला वाटतं, ती माझ्यासाठी येतच नाही. बारा फेब्रुवारीला, ती चार मिनिटं झाली त्या दिवशी, आई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तुझं नाव घेऊन म्हणाली, "हारुओमीच्या मापाची एक करशील?" म्हटलं, करते की. मग जे बोलली ते मी तुला नऊ महिने कळवलं नाही. म्हणाली, "तुझ्या बाबांना नेसवलं तेव्हापासून माझे हात गारच होते. किती चोळले, किती गरम पाण्यात धरले, जात नव्हतं. ते गारपण पोराला लागेल म्हणून मी मागे सरले. त्याला वाटलं असेल, आईला मी नको." मी म्हटलं, मग तसं त्याला सांगायचंस ना. तर म्हणाली, "फोनवर काय सांगायचं असलं? समोर आला असता तर..."

कळवलं नाही, कारण मला राग होता तुझा. माझी चार मिनिटं, आणि त्यातही तूच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र चार वेळा फाडलं, ते लिहिते. वर मी लिहिलंय की फुकासावाबाईंनी पाहिलं तोवर आईने बंडी आठवडाभर घातली होती. खोटं आहे. त्यांनी चौदा जानेवारीला पाहिलं. चाचणीच्या दोन दिवस आधी. परत विणायला तीन आठवडे लागले असते आणि तोक्योवाले थांबले नसते. मग मी दोन्ही बंड्या समोर ठेवल्या आणि ठरवायचं होतं, की उलटी कुणी घालायची. मी घालू शकले असते. मला भीती वाटली. मी ती आईपुढे धरली.

आणि आईने बघितलं. चाळीस वर्षं नेसवणारी बाई, तिला न दिसून कसं चालेल? तिने उजवी बाजू बोटांनी चाचपली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती घातली. माझा चेहरा पडला असणार, कारण बंद बांधता बांधता म्हणाली, "असू दे गं. तुझ्यासमोर उभं राहायचं म्हणजे आरसाच व्हायला हवं."

खोक्यातली ही बंडी तिच्या बंडीशी जुळवलेली आहे. तुझी डावी बाजू वर येते, तीनदा तपासलीय. चार वाजता घाल, एकदाच. काही झालं नाही तर बहीण वेडी झालीय असं समज आणि चोवीसला मला बघायला तरी ये.

कानाए


किर्यू,
१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

काल खोका परत आला. वर तुझ्या अक्षरात माझा पत्ता, आत चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. माकूलसुद्धा नाही! भला माणूस आहेस तू. मी खोका जिन्याखाली ढकलला आणि फुकासावाबाईंना म्हटलं, माझा भाऊ दगड आहे. त्या म्हणाल्या, "आधी उघडून तरी बघ, मग शिव्या दे."

उघडला. सगळ्यात आधी बाजू बघितली. डावी वर आहे. मग खाली बसले.

मी बंद मोकळे सोडून पाठवले होते. ते बांधलेले होते. दोनदा फिरवून, टोक आत खोचून. गाठीत राखाडी लोकरीचा एक धागा अडकलाय, म्हणजे तू ती न सोडता डोक्यावरून ओढून काढलीस. सोडता आली नसणार. मलाही आली नाही. पण दादा, तुझ्या अंगावर ती बांधली कुणी, हे मी तुला विचारत नाहीये. विचारायचं धाडस नाही.

चकती वाचली. अकरा नोव्हेंबर, दुपारी चार. जोडी सापडली. तुझे ठोके सुरुवातीला एकशे दहा, मग उतरत उतरत अडुसष्ट. दुसरे ठोके तीन, आणि एक चुकलेला, तीन, आणि एक चुकलेला. मी सेकंद बघत होते. सेकंद नव्हतेच. एक्केचाळीस मिनिटं.

मला आनंद झाला. आणि खूप राग आला, तोही लिहून टाकते. मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या माकुलांचा खोका फोडला आणि उभ्या उभ्या अर्धा खाल्ला, रडत. चांगले आहेत. जरा जास्त खारट.

माझी बंडी अकरा तारखेपासून गार आहे. रोज चारला घालून बसते. काल फुकासावाबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, साधा, बिनतारेचा, आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "उठ आता, मागावर काम पडलंय." आज सकाळी देव्हारा पुसताना मी अस्थींचं मडकं उचललं. हलकं लागलं. मी झाकण उघडलेलं नाही.

तिला मी उलटी बंडी घातली, त्याबद्दल तू काही म्हणाला नाहीस. कदाचित तिने तुला सांगितलं असेल. सांगितलं असेल तर ती काय म्हणाली, ते मला समोर बसून सांग, कागदावर नको.

बंडी परत पाठवतेय. गाठ तशीच ठेवलीय, डोक्यावरून घाल. चोवीसला सकाळी अकराला बुवा येतील, म्हणून तू तेवीसलाच नीघ. गाडीत गरम लागलं तरी काढू नकोस. शेजारची जागा पण घे आणि खिडकी तुझ्याकडे ठेवू नकोस, तिला खिडकी लागते. बोगद्यात कान दडतात तिचे, गोळ्या ठेव खिशात. मी दोन नंबरच्या फलाटावर उभी असेन, आणि या वेळी डबा तुझ्या हातात देईन.

दादा, मडकं रिकामं आहे असं मला वाटतं, आणि रिकामं मडकं मी बाबांशेजारी ठेवणार नाही. येताना आईला घेऊन ये.

तुझी,
कानाए